आशाबायचं नाक

हॉटेलात बसल्यावर आशाबाय काय काय करते, ते आधी सांगते.

मेनूकार्ड उघडत नाही. शेजारच्या टेबलाकडे बोट करते आणि म्हणते, "त्यांचं हाय ते."

वेटर कितीही कोवळा असला तरी त्याला दादुस म्हणते.

एसीखाली जागा मिळाली की पदर कानांवरून घेते आणि हॉटेलवाल्याच्या वतीने विजेची काळजी करते.

पिशवीत सुक्या बोंबलाच्या चटणीची डबी असते. ती नूडल्सवर पडते, पास्त्यावर पडते. एकदा आइस्क्रीमवर पडता पडता राहिली.

पहिला घास चावत नाही. तोंडात ठेवून डोळे मिटते. थांबते.

आणि जेवण यायच्या आधी अंबाड्यावरचा गजरा सोडते, नाकाशी धरते, परत माळते.

आजूबाजूच्या लोकांना वाटतं, काय हौशी बाई आहे. मला कारण माहीत आहे. आशाबायला वास येत नाही. गजरा ही तिची रोजची परीक्षा आहे, आणि ती रोज नापास होते.

पनवेलच्या कोळीवाड्यात तिचं घर आहे. वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मराठी घेऊन बीए केलं आणि कामोठ्यात दहावीच्या मुलांच्या शिकवण्या धरल्या. त्यामुळे मी तिची 'मास्तरीन'. पहिले काही दिवस मी तिला 'अहो' म्हणत होते. एकदा जिन्यातून ओरडली, "ए, मी काय तुझी सासू हाय?" तेव्हापासून 'तू'.

ती मासळी बाजारात बसते. पण गल्लीत तिचं नाव मासळीसाठी नाही, मसाल्यासाठी आहे. उन्हाळा आला की निम्म्या गल्लीचा वर्षाचा मसाला तिच्या गच्चीवर भाजला जायचा. घड्याळ नाही, माप नाही. सगळं नाकावर. ती म्हणायची, "मिरचीचा वास आदी कच्चा असतो. मंग हसतो. मंग रडतो. हसला का उतरवाची."

हे मी नुसतं ऐकलेलं होतं. प्रत्यक्ष काय झालंय ते मला जानेवारीतल्या एका सकाळी कळलं.

तिचं पातेलं परत द्यायला मी खाली आले. दार उघडं होतं. उंबऱ्यातच सडक्या अंड्यांसारखा वास नाकात घुसला. गॅस. आत आशाबाय देव्हाऱ्यापुढे बसली होती. समईत तेल घातलेलं. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी पातेलं टाकलं. तिच्या हाताला इतक्या जोरात फटका मारला की काडेपेटी देवीच्या पायाशी जाऊन पडली.

"मेले गं! काय झालं तुला? अंगात आलं काय?"

मी शेगडीकडे धावले. एक बटण अर्धवट फिरलेलं. बंद केलं. खिडक्या उघडल्या.

"आशाबाय, गॅस! तुला वास नाही आला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शेगडीकडे. मग म्हणाली, "इतका हाय काय?"

अंगणात बसून तिने सांगितलं. गणपतीनंतर बाजारात बर्फाच्या पाण्यावरून पाय घसरला. डोक्याची मागची बाजू लादीवर आपटली. टाके नाहीत, रक्त नाही. चार दिवस डोकं दुखलं आणि थांबलं. मग लक्षात आलं, बाजाराला वास नाही. मासळी बाजाराला!

"तिखट लागतं. खारट लागतं. बाकी सगला भुसा."

"आणि घरचं कालवण? रोज तूच करतेस ना?"

"पोरं जेवतात की गप. त्यांच्या तोंडाकडं बघते मी. वाकडं कोनी करत नाय. म्हंजे बरंच होत असेल."

मी म्हटलं, शैलेशला सांगू. तिने माझं मनगट धरलं.

शैलेश तिचा मुलगा. कोन गावात हायवेलगत हॉटेल काढत होता. चायनीज, थाई, इटालियन, सगळं एका छताखाली. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त. बोर्ड रंगवून झाला होता. सगळ्या देशांच्या नावांखाली मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आशाबायचा कोळी मसाला'. जगातलं सगळं जेवण कुठेही मिळतं, पण आईचा मसाला फक्त माझ्याकडे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"मसाला होऊ दे. मंग सांगू. तोवर तू तोंड उघडलंस तर खोली खाली कर."

डॉक्टरकडे मीच नेलं. तो म्हणाला, वासाची नस दुखावली आहे. परत येईल, किंवा येणारही नाही. वेगवेगळे वास घेत राहा, नाकाला सवय लावा.

रिक्षात ती म्हणाली, "घरचे वास नाक इसरलंय. मंग बाहेरचे देऊन बघू."

अशी आमची हॉटेलं सुरू झाली. घरी सांगितलं, शैलेशसाठी बघून येतो, बाकीचे कसं करतात ते. शैलेश खूश. तिची सून किशोरी नुसती हसली.

सुरुवात स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीपासून केली. आगीचे लोळ, व्हिनेगर, लसणीचा धूर. मला ठसका लागला. आशाबाय धुरात तोंड घालून उभी. गाडीवाला म्हणाला, "मावशी, केस जळतील." ती म्हणाली, "जलू दे दादुस, आजून टाक."

काही नाही.

कामोठ्यात माझ्या विद्यार्थ्यांचा आवडता पिझ्झा खाल्ला. घास तोंडात ठेवून ती थांबली, आणि म्हणाली, "रबर गरम केलाय." खारघरला थाई हॉटेलात गवती चहा आणि नारळाच्या दुधाचं कालवण आलं. वाटीवर वाकून वास घेताना तिचं नाक कालवणात बुडालं. वेटर रुमाल घेऊन धावला. मी शाकाहारी घरातली. पाचूचा रस असावा तसल्या त्या वाटीभर हिरव्या प्रकारातल्या भाज्या मी वेचून खात होते.

"कसा हाय वास? सांग ना. तू शिकलेली हायस."

मी सांगायचे. लिंबाच्या पानासारखा. ओल्या गवतासारखा. ती मान हलवायची, जणू कुणी दूरच्या नातेवाइकाची खुशाली सांगतंय.

मग ते मोठं हॉटेल. हायवेवरच्या एका बड्या हॉटेलात जपानी जेवणाचा आठवडा होता. दारात गाड्यांची रांग. आशाबाय नवी साडी नेसून आली होती, गजरा दुप्पट. काचेमागे एक आचारी मासा कापत होता आणि कापलेला तसाच भातावर ठेवत होता.

तिने आधी मासा पाहिला. डोळा, रंग, कापलेली कड. पसंत पडला. मग हे असंच खायचं म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली.

"कच्चा? मांजराला घालतात तसा?"

"हो."

"या दादुसला कोनी चूल नाय दिली काय?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. तिला बरं वाटलं. ताट आलं. कडेला हिरव्या चटणीची एक गोळी होती. वेटर म्हणाला, मॅडम, थोडंसंच घ्या, तिखट आहे.

कोळणीला तिखटाची भीती घालायची म्हणजे काय! तिने अख्खी गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

मी ओरडले. उशीर झाला होता. तिचे डोळे विस्फारले. चेहरा लाल झाला. टेबल धरून ती उभी राहिली. नाकातून, डोळ्यांतून पाणी. वेटर पाणी घेऊन धावला, मॅनेजर आला, कुणीतरी खुर्ची ओढली. मला वाटलं, हिला काहीतरी होतंय, आणि घरी मी काय सांगू?

आणि ती हसत होती.

"आला! मास्तरीन, आला! नाकात आला!"

गाल ओले. तिने घाईघाईने गजरा सोडला. दोन्ही हातांत घेऊन नाकाशी धरला. सगळं हॉटेल तिच्याकडे बघत होतं.

ती बराच वेळ तशीच उभी होती. मग गजरा ताटाशेजारी ठेवला.

"नुसती आग होती," ती म्हणाली. "वास नाय."

त्या दिवशी तिने गजरा परत माळला नाही. टेबलावरच राहिला.

मुहूर्त जवळ आला. मसाला भाजावाच लागणार होता. एके सकाळी आम्ही गच्चीवर चूल मांडली. तिने ठरवलं होतं, हात तिचे, नाक माझं. मी जन्मात मासा खाल्लेला नाही. कोळी मसाला कशाशी खातात ते मला पुस्तकातूनसुद्धा माहीत नाही. तरी कढईवर वाकून उभी होते.

"कच्चा," मी म्हणायचे. "कच्चा. अजून कच्चा. हसला!"

ती कढई उतरवायची. बेडगी मिरची झाली, संकेश्वरी झाली. धणे झाले. लवंग, दालचिनी, तमालपत्र. माझे डोळे सुजले होते. चादरीवर ढीग वाढत होता. ती पुटपुटत होती, "होतंय गं. होतंय." सुपात फक्त दगडफूल उरलं होतं. ते शेवटी भाजायचं. तिच्या मते सगळा मसाला त्याच्यावर उभा असतो. जरा जास्त झालं की कडू.

तेवढ्यात किशोरी ताक घेऊन वर आली. जिन्यातच थांबून तिने माझं शेवटचं 'हसला' ऐकलं असावं. तांब्या खाली ठेवला.

"आई, दगडफूल मी भाजू?"

"का गं? मी मेले काय?"

"आई," किशोरी म्हणाली, "मना म्हाइत हाय."

चूल तडतडत होती. मी आशाबायकडे बघितलंच नाही.

"काय म्हाइत हाय?"

"तुमाला वास येत नाय ते. नवरात्रात घटाच्या दिवशी देवीला वेनी घालाच्या आदी तुमी नाकाला लावलीत. देवीचं फूल. तुमी. मी दारात होते."

आमच्या घरीसुद्धा देवाला वाहायचं फूल कुणी हुंगत नाही. तीन वर्षांच्या पोराच्या हातातून काढून घेतात. आणि आशाबाय तर देवीची वेणी गुंफताना तोंडाला पदर बांधणारी.

आशाबाय खाली बसली. "शैलेशला?"

"म्हाइत हाय. सगल्या गल्लीला म्हाइत हाय."

"आन् माझं कालवन?"

किशोरीने ताकाचा तांब्या उगाच सरकवला.

"बोल ना. जललेलं?"

"कंदी कंदी."

"आन् खाल्लंत?"

"तुमाला वाईट वाटंल म्हनून. ते बोलले, आईसमोर कोनी तोंड वाकडं कराचं नाय."

मला वाटलं, आता ती रडेल. किंवा सुनेला जवळ घेईल. इतके महिने घरभर सगळ्यांनी करपलेलं कालवण गिळलं, तिच्यासाठी. मला ते ऐकूनच भरून आलं होतं.

आशाबायचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. बड्या हॉटेलात गजरा ठेवतानासुद्धा नाही.

"जीभ माझी गेली," ती हळू म्हणाली. "म्हनून तुमची तोंडं बघत होते मी. तीच माझी चव होती. आन् तुमी तीबी खोटी केलीत."

किशोरीने तोंडाला पदर लावला. आशाबाय उठली, चुलीतलं लाकूड ओढून काढलं, त्यावर ताक ओतलं आणि जिना उतरून गेली.

संध्याकाळी शैलेश मनवायला बसला. "आई, किशोरी भाजंल, नाव तुझंच राहील."

"गिऱ्हाईक माझी सून नाय," ती म्हणाली. "जललेलं गिळून गप नाय बसनार. नाव काढ."

त्याने खूप विनवलं. शेवटी बोर्डवरची लाल ओळ पांढऱ्या रंगाने पुसली गेली. अक्षय्य तृतीयेला हॉटेल सुरू झालं. चायनीज, थाई, इटालियन. खाली एक पांढरा पट्टा. ऊन तिरपं पडलं की पट्ट्याखालची अक्षरं अजून दिसतात.

आम्ही दोघी अजून हॉटेलात जातो. परवा उलव्याला एक नवं अरबी जेवणाचं दुकान निघालंय, तिथे गेलो. सगळीकडे सिमेंटची धूळ, दुकानात आम्हीच. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटले, उघडले, आणि माझ्या तोंडाकडे रोखून बघितलं.

"खरं सांग."

"पुठ्ठ्यासारखं लागतंय."

ती इतकी हसली की मालक बाहेर आला. घरी जाताना तिने मला गजरा घेऊन दिला.

घरी आता किशोरी स्वयंपाक करते. भाजलेला मसाला गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत पिंपात आहे. डंकावर कांडायला गेलेला नाही, कारण तो पुरा नाही. किशोरीला हात लावू देत नाही. रोज सकाळी आशाबाय वर जाते. सुपावरचं फडकं बाजूला करते. दगडफुलाची चिमूट उचलते, नाकाशी धरते, डोळे मिटून थांबते.

मग ती चिमूट परत सुपात ठेवते आणि फडकं ओढून घेते.