वॉलेटचे बारा शब्द

संत्रं सोलताना सालीचा कडवट वास बोटांना लागला, की मला वरूडची ती दुपार आठवते. बाहेर संत्र्यांचे ट्रक भरणं चाललं होतं आणि मी ओसरीवर ताईजवळ बसले होते. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आई आपली एक द्यायला तयार होती आणि ऑपरेशनसाठी जमवलेली सगळी पुंजी भाऊजींनी फोनमधल्या क्रिप्टो वॉलेटमध्ये ठेवली होती. वॉलेट अपडेट करा, नाहीतर बंद पडेल, असा संदेश त्या सकाळी आला. भाऊजींनी त्यातली लिंक उघडली आणि वॉलेटची किल्ली असलेले बारा गुप्त शब्द तिथे भरले. ते पान चोरांचं होतं. दुपारी वॉलेट उघडून पाहिलं, तर आत काहीच उरलं नव्हतं. अमरावतीला सायबर पोलिसांना फोन लावला. तिथला माणूस समजुतीनं बोलला, पण पैसा कोणत्या देशात गेला हेच कळणं कठीण, म्हणाला. भाऊजी स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागले. ताईनं सुजलेल्या हातानं त्यांचा हात धरला. "कावून मारून राहिले सोताले? तुमी काई मुद्दाम केलं काय?" ते शांत झाल्यावर ती आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "तुयी किडनी आता तुलेच राहू दे वं माय." पुढचा हंगाम ताईनं पाहिला नाही. आई आता थकली आहे. तपासणीनंतर डॉक्टर कौतुकानं सांगतात, आजी, तुमच्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. आणि ते ऐकून आई रडते.