ताईच्या शहराचं विमान

मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. तिकिटावर लिहिलं होतं, जाताना विमान सकाळी दहाला निघतं आणि संध्याकाळी सहाला पोचतं. येताना दहालाच निघतं आणि दुपारी एकला हजर! म्हणजे जायला आठ तास आणि यायला तीन. आता बोला!

माणूस शिंपी, उभा जन्म मापं घेण्यात गेलेला. असल्या हिशोबावर गप्प बसतोय होय? गळ्यात टेप तशीच ठेवून स्वारी तडक तिकीटवालीच्या ऑफिसात. एरवी त्यांनी हुज्जत घातली नसती, पण मामला ताईचा होता. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. नवरा वारला तशी ती परमुलखात, बेकरीत कामाला गेली. परवा तिच्याबरोबरच्या बाईचा फोन आला, "तुमच्या ताईंची झोपच होत नाही हो. उभ्या उभ्या डोळा लागला आणि भट्टीवर हात पोळला. एकदा येऊन जा." मास्तरांनी ताईला विचारलं तर म्हणे, "वय झालं रे." हे काही त्यांना पटेना. समोर बसवूनच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं.

ऑफिसच्या भिंतीवर नकाशा होता. मास्तरांनी आपल्या शहरापासून ताईच्या शहरापर्यंत टेप लावली, मग उलटीकडून लावली.

"दोन्हीकडून नऊ इंच! कापड इकडून मोजलं काय नि तिकडून मोजलं काय, वाढतं का? तुम्ही मला जाताना लांबच्या वळणाचं विमान दिलंय."

तिकीटवाली हसू दाबत म्हणाली, "काका, जाता-येता साडेपाच तासच लागतात. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे."

"मग दुरुस्त करून घ्या म्हणावं!"

"बिघडलेलं नाही हो. तिकडे दिवसच आधी उजाडतो."

मास्तरांनी आठातून अडीच काढले, तीनात अडीच घातले. दोन्हीकडे साडेपाच! हिशोब जुळला, पण डोक्यात काही शिरेना. "म्हणजे ताई आत्ता उद्यात आहे?"

"अहो नाही! आपल्याकडे बारा वाजलेत, त्यांच्याकडे अडीच. आपल्याकडे रात्रीचे नऊ, तर त्यांच्याकडे साडेअकरा."

नऊ म्हणताच मास्तर मटकन खुर्चीत बसले. दुकान बंद केलं की रोज नऊला ते ताईला फोन करत. ती लगेच उचलायची, "आत्ताच जेवले बघ," म्हणायची. मग मास्तर कुठलं गिऱ्हाईक कसं भांडलं ते तासभर रंगवून सांगायचे. आणि तिला पहाटे तीनला पीठ मळायला उभं राहायचं असायचं.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"काय झालं रे?" ताई घाबरली. "अशा अवेळी फोन?"

"ताई, रोज तुझ्या झोपेचं खोबरं करतोय मी, आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुला कोणी सांगितलं रे?" ताईनं विचारलं.

"आता दुपारीच करत जाईन," मास्तर म्हणाले.

"दुपारी तुझं गिऱ्हाईक असतं."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!" मास्तर ओरडले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागले.

"रडू नकोस रे," ताई म्हणाली. "तुझा फोन आला नसता, तर मला झोप लागली असती का?"