उन्हाची झडती

बियांचं पाकीट लेकीनं पोस्टानं पाठवलं होतं. पाकिटावर फोटो होता. भला थोरला केशरी भोपळा, आणि त्यावर पाय सोडून बसलेली एक बाई. झडतीबाईंनी तो फोटो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, पाकीट नाकाला लागेल इतकं जवळ धरलं आणि निकाल दिला, "खोटा आहे."

"काय खोटं आहे?" नवऱ्यानं पेपरामागून विचारलं.

"भोपळा. एवढा भोपळा नसतो. ती बाई बुटकी असणार."

बाईंना गल्लीत सगळे झडतीबाई म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. चमच्यांच्या कारखान्यात बायकांच्या फाटकावर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. पाळी सुटली की प्रत्येक बाई त्यांच्या हाताखालून जायची. डबा उघडायचा, पिशवी उलटी करायची, हात वर. एवढ्या वर्षांत त्यांनी छत्रीच्या काड्यांमधून चमचे काढले होते, चपलेच्या तळातून काढले होते, एकदा तर न मोडलेल्या हाताच्या प्लास्टरमधून सहा काटे काढले होते. त्यातून त्यांनी एक नियम बांधला होता: जी आपणहून आधी हसते, तिला दोनदा तपासायचं.

निवृत्तीनंतर ही सवय रिकामी पडली. घरातली साखर आणि ती वर्ज्य असलेला नवरा, एवढ्यावरच भागवावं लागत होतं. नवरा पूर्वी बस चालवायचा. आता गुडघे धरल्यामुळे तो पळूनही जाऊ शकत नव्हता, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवण्यात फारशी मजा उरली नव्हती.

म्हणून बाईंनी बी लावायचं ठरवलं. भोपळा हवा म्हणून नव्हे. पाकीट खोटं बोलतंय हे सिद्ध करायला.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वेलाला दिवसाला किमान आठ तास थेट ऊन हवं आणि एका वेलावर एकच फळ ठेवावं. बाई म्हणाल्या, "हीच ती पळवाट. भोपळा झाला नाही की म्हणणार, तुमच्याकडे ऊन कमी पडलं. मी ती जागाच ठेवत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घड्याळ, वही आणि स्टूल घेऊन परसात बसल्या. कुठे किती वाजता ऊन आलं, किती वाजता गेलं, ते लिहीत राहिल्या. नळापाशी पाच तास. कुंपणाशी सहा. परसाच्या मधोमध मात्र आठ तास दहा मिनिटं. तिथे त्यांनी खड्डा काढला, घमेलंभर शेणखत घातलं आणि बी खोचलं.

हाताशी होती ती दहाच मिनिटं, आणि दक्षिणेला होती पॉलिशवालीची भिंत.

पॉलिशवाली म्हणजे शेजारीण. त्याच कारखान्यात ती अकरा वर्षं चमच्यांना पॉलिश करायची. रोज फाटकावर आली की आधी हसायची. "बाई, बरं आहे ना?" नियमाप्रमाणे बाई तिला रोज दोनदा तपासायच्या. अकरा वर्षांत एकदाही काही सापडलं नाही, त्यामुळे बाईंचा संशय कमी होण्याऐवजी वाढतच गेला. तीन वर्षांपूर्वी ती शेजारचं घर घेऊन राहायला आली, तेव्हा बाई नवऱ्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "आली बघा."

वेल मात्र झपाट्यानं वाढला. पानं आधी ताटलीएवढी, मग ताटाएवढी, मग पाऊस आला तर मांजर आडोशाला बसेल एवढी झाली. बाईंनी एका सकाळी नरफूल तोडून मादीफुलावर घासलं. नवरा म्हणाला, "आपलं लग्न जमवताना एवढी मेहनत कुणी घेतली नव्हती." फळ धरलं. बाकीची फळं बाईंनी खुडून टाकली. मुठीएवढं फळ दहा दिवसांत बादलीएवढं झालं. नवरा शिवणाची टेप घेऊन रोज त्याचा घेर मोजायला लागला आणि मोजून झाल्यावर उगाचच त्यावर थाप मारायला लागला.

मग एका दुपारी बाराच्या सुमाराला बाईंना भिंतीची सावली पहिल्या पानाला टेकलेली दिसली. त्यांनी सावलीच्या कडेला खुंटी ठोकली. आठ दिवसांनी सावली खुंटीच्या चार बोटं पुढे होती. आणखी पंधरा दिवसांनी वीतभर. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी भिंतीच्या विटांचे थर मोजले. सत्तावीस. पण आधी किती होते ते कुठे माहीत होतं? ते लिहून ठेवलं नाही म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

"भिंत वाढवतेय ती," बाई म्हणाल्या. "एकेक थर. कळणार नाही अशी."

"अगं, सूर्य सरकत असेल."

"सूर्य कशाला सरकेल? त्याला काय मिळणार त्यातून?"

नवऱ्यानं पेपर पुन्हा वर धरला. बाई भिंतीपाशी गेल्या आणि हाक मारली. पॉलिशवालीचं डोकं वर आलं.

"भिंतीचं काही काम काढलंयस का गं?"

"नाही हो बाई. का?"

"सहज विचारलं."

पॉलिशवाली हसली. बाईंना तेवढं पुरे होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात बाई डोळे तपासून घ्यायला गेल्या. एक वाजता परतल्या, तर भोपळ्यावर पांढरी चादर ताणलेली. चार काठ्या रोवून, कोपरे सुतळीनं बांधून, नीट मांडवासारखी. चादरीला निळी किनार. घरातली नव्हे. परसाच्या दाराची कडी निघालेली आणि ओल्या मातीत बायकी चपलेचा ठसा. नवरा आत पंख्याखाली घोरत पडलेला.

"भरदुपारी!" बाई म्हणाल्या. "सावली पुरली नाही म्हणून आता चादर घालून ऊन अडवतेय."

त्यांनी चादर सोडली, घडी घातली आणि कपाटात मुद्देमालासारखी वेगळी ठेवली. परसाच्या दाराला कुलूप लावलं.

"निदान जाऊन विचार तरी," नवरा म्हणाला.

"चोराला विचारून चोरी सापडते का कधी? मी बोलले की ती सावध होणार."

तो आठवडा नुसता रखरखीत गेला. दुपारी पानं मान टाकायची आणि बाईंना वाटायचं, विष घातलं. संध्याकाळी तीच पानं ताठ उभी राहायची आणि बाईंना वाटायचं, विष कमी पडलं. भोपळ्याची मऊ, फिकट साल उन्हानं गडद आणि टणक झाली. बाई त्यावर खूश होत्या. सहाव्या दिवशी सकाळी देठाजवळ बोटभर लांब भेग दिसली.

बाईंनी भेगेवरून हात फिरवला. मग आत गेल्या, चादर काढली, आणि नवरा नको नको म्हणत असताना पॉलिशवालीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"ही तुझी?"

"माझीच," पॉलिशवाली म्हणाली. "काढलीत का? मला वाटलंच होतं. फुटला?"

बाईंना कबुलीजबाबाची सवय होती, पण इतक्या लवकर नव्हे. "म्हणजे तुला ठाऊक होतं, फुटणार म्हणून?"

"उघडा ठेवला की फुटणारच. बाई, ऊन पानांना लागतं, फळाला नाही. जेवायचं पानांनी, फुगायचं फळानं. फळावर ऊन पडलं की साल कडक होते. आतून वाढ तर चालूच असते, मग ती जाणार कुठे? माझे वडील लावायचे असले भोपळे. पानांना दिवसभर ऊन द्यायचे आणि फळाला मांडव घालायचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला? तुम्ही माझं ऐकलं असतंत?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं ऐकलं."

"म्हणून तुम्ही नसताना घातली. दारावरून तुमच्या यजमानांना हाका मारल्या, पण ते गाढ झोपलेले."

"आणि भिंत?"

पॉलिशवालीनं त्यांना आपल्या परसात नेलं, स्टूल दिलं आणि म्हणाली, "चढा. बघा." बाई चढल्या. सगळ्यात वरच्या थरावर हिरवंकाळं शेवाळ होतं, विटांच्या सांध्यांत घट्ट बसलेलं. बाईंनी नखानं खरवडलं, वास घेतला. ते शेवाळ चारपाच वर्षांचं तरी होतं. चमचा लपवता येतो, प्लास्टर खोटं घालता येतं. शेवाळ एका महिन्यात म्हातारं करता येत नाही.

मग पॉलिशवालीनं स्वयंपाकघर दाखवलं. "दिवस सगळ्यात मोठा असतो ना, तेव्हा ऊन या खिडकीच्या चौकटीवरच थांबतं. आता बघा, टेबलाच्या पायाला लागलंय. दिवस लहान व्हायला लागले की ऊन खाली उतरतं आणि सावल्या लांबतात. मी तर कपड्यांची दोरी दर पंधरवड्याला सरकवते."

बाई टेबलाच्या पायाकडे बघत राहिल्या. सूर्याला काहीच मिळत नव्हतं, तरी तो सरकत होता. हे त्यांना पटायला वेळ लागला. पॉलिशवालीनं चहा ठेवला.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "आता कारखान्याचा आणि माझा काही संबंध नाही. अकरा वर्षांत कधी काही नेलंस?"

पॉलिशवालीनं कप पुसला, पुन्हा पुसला. "एक चमचा. लहानसा. पोरीला औषध पाजायला."

"कसा?"

"अंबाड्यातून."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "अंबाडा."

"तुम्ही केसांना कधी हात लावत नव्हता ना. बायकांना आवडत नाही म्हणून."

"एकच नेलास?"

"एकच."

"नीट आठवून सांग."

"एकच हो बाई! देवाशपथ."

बाईंनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. एकच होता यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नाही. पण त्यांच्या अंगावरून अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुझं चुकलं की बरोबर होतं?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्याच्या चहात अर्धा चमचा साखर घातली.

चादर पुन्हा ताणली गेली. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून पॉलिशवालीनं वर प्लॅस्टिकचा तुकडा तिरका उभा केला. उन्हाचे तास आठावरून सात आणि सातावरून साडेसहावर आले. सकाळचं ऊन लवकर मिळावं म्हणून नवऱ्यानं पूर्वेकडच्या झाडाची खालची फांदी कापवून घेतली. त्यामुळे दव लवकर वाळायला लागलं आणि पानांवर येऊ पाहणारी भुरीची पांढरी बुरशी थांबली. भोपळा वाढत राहिला, आधीच्या वेगानं नाही, पण राहिला.

बियाण्यांच्या दुकानाच्या आवारात दरवर्षी भोपळ्यांची वजनं व्हायची. चौघांनी घोंगडीत धरून भोपळा हातगाडीवर चढवला. तिथला तपासनीस म्हणजे एक किडकिडीत म्हातारा, खिशात बॅटरी आणि हातात बारीक काडी. त्यानं भोपळा उचलून धरायला लावला, खाली वाकून बुड तपासलं, टकटक केली, देठाचा वास घेतला. कुणी आत पाणी भरतं, कुणी भोकं बुजवतं, असं तो सांगत होता. बाई कौतुकानं बघत होत्या.

"देठाच्या मागच्या बाजूलाही बघा," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यानं बघितलं, काडी भेगेत हळूच सरकवली. काडी गेली, गेली आणि सबंध आत गेली.

"पोकळीपर्यंत पोचलीय," तो म्हणाला. "स्पर्धेतून बाद."

"अहो, एवढीशी तर भेग आहे," पॉलिशवाली उसळली. "वाढवलाय किती कष्टानं ते बघा!"

"त्यांचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मीही सोडलं नसतं."

तरी त्यांनी वजन करून घेतलंच. एकशे सदतीस किलो. भेग नसती तर दुसरा नंबर आला असता. परतताना हातगाडीमागून चालताना बाई एकदाच म्हणाल्या, "सहा दिवस उन्हात ठेवला मी त्याला. मीच." पॉलिशवालीनं गाडीला चढावर हात लावला.

भोपळ्याच्या फोडी गल्लीत सगळ्यांना पुरल्या. वेल वाळला. मग एक दिवस पॉलिशवाली भिंतीवरून म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या बाजूला लावा. भिंतीच्या या अंगाला दिवसभर ऊन असतं."

"तिचा काय फायदा यात?" बाईंनी घरात विचारलं.

"तिला सोबत हवी असेल," नवरा म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्या वही, घड्याळ आणि स्टूल घेऊन पॉलिशवालीच्या परसात जाऊन बसल्या. दिवसभर बसल्या. पॉलिशवालीनं कपडे वाळत घातले, काढले, दोनदा चहा दिला, मध्येच दोघींनी मटार सोलले आणि कारखान्यातल्या जुन्या मुकादमाची नक्कल केली. दिवस लहान झाले होते, तरी ऊन सात तास चाळीस मिनिटं भरलं.

"झालं ना समाधान?" पॉलिशवालीनं विचारलं.

"एका दिवसाचा काय भरवसा? उद्या परत मोजते."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. चौथ्या दिवशी आभाळ भरलं होतं, मोजायला ऊनच नव्हतं. तरी आठच्या ठोक्याला बाई दारात हजर होत्या. आज हातात वहीऐवजी फावडं होतं. पॉलिशवालीनं घमेलं आणलं आणि दोघींनी भिंतीपासून चार हातांवर खड्डा खणायला घेतला.