बाबांच्या मोबाइलवरचे पाच चेहरे

बाबांच्या बायपासनंतर हॉस्पिटलने त्यांच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. ते दिवसातून तीनदा विचारायचं, "आत्ता कसं वाटतंय?" खाली पाच चेहरे: मजेत, ठीक, उदास, चिडलेला, घाबरलेला. आपण दाबू त्या चेहऱ्याप्रमाणे ते काहीतरी सुचवायचं. चिडलेल्याला श्वास मोजायला लावायचं, उदास माणसाला मित्राला फोन करायला सांगायचं. मला मुलुंडहून दहिसरला रोज जाणं जमत नव्हतं. माझ्या वाटची विचारपूस कुणीतरी करतंय, याचंच मला बरं वाटलं.

बाबा न चुकता 'मजेत' दाबायचे. "परक्याला घरचं रडगाणं कशाला ऐकवायचं?" अ‍ॅपही खूश. "व्वा! असेच आनंदी राहा!" आणि हा आनंदी माणूस दीड महिना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. चाला, चाला म्हणून डॉक्टर थकले. लिफ्ट नाही, हे बाबांचं कारण. पण लिफ्ट आमच्या बिल्डिंगमध्ये कधीच नव्हती, आणि आजवर हेच बाबा दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायचे. मी रागावले, रडले, एकदा तर मोबाइल आपटला, तोही माझाच. काही उपयोग झाला नाही.

मग एका रविवारी गेले तर बाबा दुसऱ्या मजल्यावर, कठडा धरून उभे. शेजारी आई.

"अगं, झकास आहे हे अ‍ॅप! म्हणालं, आज एकच जिना उतरा, सोबत कुणाला तरी घ्या. माझ्या मनातलं कळलं कसं त्याला?"

ते मला लगेच कळलं. बाबा आंघोळीला गेल्यावर आई चष्मा लावून त्यांचा मोबाइल घेऊन बसली. दिलेलं उत्तर बदलता येतं, हे तिनं तिचं तिनंच शोधून काढलं होतं. 'मजेत' पुसून तिनं 'घाबरलेला' दाबलं.

"आई! ही फसवणूक आहे."

"फसवतायत ते. मी फक्त दुरुस्त करते."

तिचं गणित सोपं होतं. जेवणाला नावं ठेवली की बाबा मजेत. मुकाट्याने जेवले की उदास. आणि "छान झालंय" म्हणाले की आतून टरकलेले. "काल कढीत मीठ नव्हतं," आई म्हणाली, "आणि हे म्हणतात छान!" मला हसू आवरेना. लाजही वाटली, कारण मी त्यांना आळशी समजून भांडत होते.

पुढे एकेक जिना वाढत गेला. महिन्याभराने आम्ही तिघं बिल्डिंगच्या गेटपर्यंत आलो आणि मोबाइल वाजला. बाबांनी तो खिशातून काढून सरळ आईपुढे धरला.

"काय गो, आज काय दाबतेस?"

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिला आठवडा फसलो. मग म्हटलं, माझी भीती त्याला तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

आई ओशाळली. मग मोबाइल त्यांच्याच हातात ठेवत म्हणाली, "आता तुमचं तुम्ही दाबा."

बाबांनी गेटबाहेर पाहिलं. रिक्षा, बस, शाळेतून सुटलेली पोरं. आम्हा दोघींसमोर त्यांनी 'घाबरलेला' दाबलं. अ‍ॅप काय सुचवतंय ते बघायला ते थांबलेच नाहीत. आईचा हात धरून रस्ता ओलांडायला निघाले. चारचौघांत त्यांनी तिचा हात धरलेला मी पहिल्यांदाच बघत होते.