ज्यात लागत नाही असं काहीतरी

मार खायची भीती वाटते म्हणून मारामारी शिकायला निघालेली बाई, असं कुणी माझ्याबद्दल म्हटलं तर ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही येतं. पण झालं तसंच. चाळिशीला टेकले होते, नवऱ्याचं घर सोडून कांजूरमार्गला आईकडे राहायला आले होते, आणि रोज दुकान सुटल्यावर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कुठे कुठे काय शिकवतात याची चौकशी करत हिंडत होते. कराटे, बॉक्सिंग, काहीही चाललं असतं. माझी अट एकच होती, ज्यात लागत नाही असं काहीतरी पाहिजे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या तोंडाजवळ हात नेणं हेच माझं काम. फ्रेम चढवायची, कानामागे बोट घालून काडी नीट करायची, नाकावरची पकड बघायची. अनोळखी माणसं डोळे मिटून तोंड पुढे करतात, कुणी दचकत नाही. मग एके दिवशी एका गिऱ्हाइकाने माझ्या डोक्यावरच्या कप्प्यातली फ्रेम दाखवायला झटकन हात वर केला आणि मी काउंटरखाली बसले. हातातला ट्रे खाली, फ्रेमा सगळीकडे. तो बिचारा घाबरून म्हणाला, "अहो मॅडम, मी फक्त ती ब्राऊन वाली दाखवत होतो." त्यानंतर शेठनी वरच्या कप्प्यातल्या फ्रेमा खाली आणून ठेवल्या. त्या सौजन्याची मला फार लाज वाटली.

ही सवय कुठून आली ते मला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं. तो नुसतं डोकं खाजवायला हात वर करायचा आणि माझी कोपरं तोंडासमोर आली की हसायचा. "मी काय मारतोय का तुला? बघ कशी करते!" पाहुण्यांसमोरसुद्धा करायचा हे, आणि पाहुणेही हसायचे. मारापेक्षा त्या हसण्याचा मला जास्त संताप यायचा. आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. "आमचं जमत नाही" एवढंच म्हणाले होते. तिला वाटायचं, मी तोंडाने फटकळ, तो डोक्याने गरम, थोडे दिवस लांब राहिले की होईल सगळं नीट. आता दिवाळीनंतर एका समुपदेशन केंद्रात आमची दोघांची समोरासमोर भेट ठरली होती. तिथे तो हात वर करणार, हे मी आधीच ओळखून होते. मला फक्त एवढंच हवं होतं, की माझे हात मांडीवरून हलायला नकोत. त्याला हसायला मिळता कामा नये.

पहिल्यांदा गेले ती मुलुंडच्या एका शाळेच्या पटांगणात, कराटेच्या वर्गाला. पांढऱ्या कपड्यांतली पोरं ओळीने हवेत ठोसे मारत होती. सरांना बाजूला घेऊन मी हळूच विचारलं, "सर, यात फार लागतं का?"

"फार नाही हो," सर म्हणाले. "दोन फोटो नि आधारची झेरॉक्स. ड्रेस आम्हीच देतो."

मी मान हलवली आणि निघाले. पुन्हा नीट विचारायचा धीर झाला नाही. भांडुपला बॉक्सिंग शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, भलताच उत्साही. "मॅडम, टेन्शन नाय घ्यायचं. पहिला पंच तोंडावर खाल्ला ना, की भीती खल्लास. गॅरंटी!" पहिला खाल्ल्यावर भीती जाते की सुरू होते, हे मी त्याला सांगू शकले असते. पण त्याच्या उत्साहावर पाणी कशाला ओता. आमच्या शेजारणीने बागेत सकाळी चालणारा एक चिनी प्रकार सुचवला. निवृत्त मंडळी पाण्यात चालल्यासारखे हात हलवत होती. लागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण समोर कुणी उभंच नव्हतं. माझी सगळी अडचण समोर उभ्या असणाऱ्याची होती.

शेवटी घाटकोपरला एका जुन्या व्यायामशाळेच्या पहिल्या मजल्यावर ज्यूदोचा वर्ग सापडला. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे वजन उचलणारेही सरळ उभे राहावेत. तोपर्यंत मी प्रश्न नीट विचारायला शिकले होते. "यात मार बसतो का?"

"इथं कोण कुणाला मारत नाय," बाई म्हणाल्या. "पाडतात. लागली तर जमीन लागेल, हात नाही. चालेल?"

मला चालणार होतं. जमिनीशी माझं काही वैर नव्हतं.

पहिले काही आठवडे नुसतं पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, हाताचा तळवा गादीवर सपकन आपटायचा. वर्गातल्या कॉलेजच्या मुली पडताना किंचाळायच्या, मला मात्र पहिल्याच दिवसापासून छान जमलं. बाईंनी मला सगळ्यांसमोर दोनदा पाडून दाखवलं आणि विचारलं, "आधी कुठं शिकलीयस का गं?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

गडबड झाली ती पुढे, गादीवर दाबून धरायला शिकवायला लागल्यावर. समोरच्याने दाबलं, मान आवळली, हात पिरगळला, की सहन होईनासं झाल्याबरोबर त्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनदा थाप मारायची. थाप वाजली की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. बाकी सगळे नियम वाकतील, हा वाकत नाही. माझ्या जोडीला एक बारीकशी, हसरी मुलगी होती. तिने माझ्या मानेभोवती हात आवळला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे आवळत गेली. मला श्वास घेता येईना. कानात सूं आवाज यायला लागला. माझा हात गादीवर होता, मोकळा होता, नुसता उचलून आपटायचा होता. मी तो आपटला नाही. सवयीने गप्प पडून राहिले आणि संपायची वाट बघायला लागले. बाई ओरडत धावत आल्या, "अगं सोड तिला! सोड!"

मुलगी रडकुंडीला आली होती. "ताई, सॉरी, लागलं का हो?"

"नाही," मी म्हणाले. "नाही लागलं."

बाई भडकल्या. "गळ्यावर वळ उठलाय आणि नाही लागलं म्हणतेस? थाप कशाला दिलीय तुला? सोसायला नाय बोलावलं मी इथं!"

त्या रात्री जेवताना मी "लागलं" या शब्दाचाच विचार करत होते. आपल्याकडे "लागलं का?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. बसमध्ये कुणाचं कोपर बरगडीत बसू दे, दारात बोट चेमटू दे, आपण आधी "नाही नाही" म्हणतो आणि मग बोट तोंडात घालतो. हो म्हटलं तर विचारणाऱ्याला वाईट वाटेल, याची आपल्याला काळजी. तोही विचारायचा. सगळं झाल्यावर, शांत झाल्यावर, फडक्यात बर्फ घेऊन यायचा आणि अगदी मऊ आवाजात म्हणायचा, "फार लागलं का गं?" मी नाही म्हणायचे. हो म्हटलं असतं तर तो रडला असता, आणि त्याची समजूत काढायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं असतं.

थाप मारायला मी शिकले, पण फार उशिरा आणि फार कष्टाने. त्याआधी एक दिवस वर्ग सुटल्यावर मी बाईंना सांगितलं, की दिवाळीनंतर नवऱ्याला भेटायचं आहे आणि माझे हात वर जातात. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. दोन मुलींना थांबवून घेतलं. "ताईच्या तोंडासमोरून हात न्यायचा. जोरात. लावायचा नाही. आणि तू गं, हाताकडे बघायचंच नाही. समोरच्याच्या गळ्याच्या खळगीकडे बघ, श्वास सोड, तळवे मांडीवर." आधी मुली खिदळत होत्या. मी पुन्हा पुन्हा दचकत राहिले तशा त्या गप्प झाल्या. रोज वर्गानंतर थोडा वेळ हे चालायचं. मी रोज घरी जाताना स्वतःवर चिडलेली असायचे, आणि मग हळूहळू, एकेक दिवस करत, हात जागेवर राहायला लागले.

केंद्रातल्या समुपदेशक बाई चांगल्या होत्या. आधी एकदा मी एकटीच त्यांना भेटले होते आणि जे होतं ते थोडक्यात सांगितलं होतं. पुरावा म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. भेटीच्या दिवशी आई बरोबर आली. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर आईच्या पाया पडला. आत आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. बोलणं निम्म्यावर आल्यावर त्याने पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढे केला. बाटली त्याच्या उजव्या हाताशी होती, तरी डावा हात माझ्या तोंडासमोरून, वरून, झटक्यात गेला.

मी त्याच्या गळ्याच्या खळगीकडे बघत होते. श्वास सोडला. तळवे मांडीवर होते आणि मांडीवरच राहिले.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला नाही. बाटलीचं झाकण त्याला पटकन उघडता येईना. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. तिथल्या तिथे उठून नाचावं असं वाटत होतं.

शेवटी बाईंनी त्याला बाहेर पाठवलं आणि मला थांबवलं. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे जे सांगितलंत ना, त्यावरून मला वाटलेलं, तुम्ही यांच्या शेजारी बसूसुद्धा शकणार नाही. पण आज मी मुद्दाम बघत होते. त्यांचा हात एवढा तोंडाशी आला, तुमची पापणी हलली नाही. भीती असलेली बाई अशी बसत नाही हो. राग आहे, दोघांचाही आहे, तो जाईल. थोडे दिवस एकत्र राहून बघा."

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? की मी हे शिकून आले आहे? घाटकोपरला, गादीवर, दोन कॉलेजच्या मुलींकडून? माझ्या तोंडून "बरं, बघते" एवढंच बाहेर पडलं.

बाहेर आई बाकावरून उठून उभी होती. बाईंचं मत ऐकायच्या आधीच त्याने तिला सगळं ठीक होणार म्हणून सांगून टाकलं होतं आणि तो रिक्षा बघायला खाली गेला होता. कित्येक महिन्यांनी आईचा चेहरा फुललेला दिसला. "बाई म्हणाल्या ना, सगळं ठीक होईल? मी म्हणत नव्हते तुला?" आमची आई दर रविवारी विहारात जाते, दृष्टबिष्ट काही मानत नाही, पण पोरांचं कौतुक वाटलं की गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडल्याशिवाय तिला राहवत नाही. तशी ती दोन्ही हात उचलून माझ्या तोंडाकडे आली.

माझी कोपरं वर गेली. मान खांद्यांत, डोळे गच्च मिटलेले, पाठ भिंतीला. तोंडातून एक आवाजही निघाला, तो मी कधीच कुणाला ऐकू दिला नव्हता.

डोळे उघडले तेव्हा आईने दोन्ही हात पाठीमागे नेऊन लपवले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा मला ओळखू येत नव्हता.

"अगं, मी आहे," ती म्हणाली. "आई आहे गं मी."