पेटीत कोंडलेली रेंज

मालकांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, उजवं अंग लुळं पडलं तेव्हा मोसंबीला फळ धरलेलं होतं. बाग घरामागं, विहीर मात्र अर्ध्या कोसावर, माळाच्या पलीकडं. मोटार चालू करायला मी गेले की हे घरात एकटे, आणि एकटे असले की उठायला बघायचे. एकदा असेच उंबऱ्यात पडले, कपाळ फुटलं. तेव्हापासून झाडं वाळू देऊ का माणूस पडू देऊ, एवढंच डोक्यात. लाइट आली की आपोआप चालू होईल असं ठेवावं, तर विहिरीत पाणी दोन तासांचं. कोरडी चालली की मोटार जळालीच म्हणायची.

म्हणून रिमोट घेतला. घरी बटण दाबायचं, विहिरीवरच्या रिसिव्हरनं ते पकडायचं आणि मोटार चालू-बंद करायची. सिरसाळ्याहून मिस्त्री आला. म्हणाला, "काकू, अँटेनाची तार भायेर काढून उंच बांधतो." मी त्याच्यावरच उखडले. "भायेर? गेल्या साली केबल कापून नेली चोरट्यांनी. आता ही तार मिरवायला लावू व्हय? समदं मोटारीच्या पेटीत घाल अन् कुलूप लाव." आमच्याकडं लोखंडी पेटीच्या बाहेर राहिलेलं आपलं राहत नाही, एवढं मला ठाऊक. "रेंज न्हाई भेटायची, काकू," तो लई बोलला. शेवटी त्यानं तार गुंडाळून आत सारली, झाकण उघडं असतानाच बटण दाबून मोटार चालू करून दाखवली आणि गेला. मी कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरून दाबलं, काही नाही. गच्चीवरून दाबलं, नळीला थेंब नाही. मिस्त्रीला फोन करायची लाज वाटली. मग मालकांना उपरण्यानं खुर्चीला बांधलं, डाव्या हातात रिमोट दिला, त्यांचा फोन चालू ठेवून मांडीवर ठेवला आणि मी विहिरीकडं पळाले. धापा टाकत फोनवर ओरडले, "दाबा!"

काही नाही.

"अवो, जोरात दाबा की!"

"दा... दाबलं."

दहा वेळा झालं. पानं मुरगळायला लागलेली, इकडं हे बांधलेले, आणि माझा तोल गेला. "एक बटण दाबवंना व्हय तुमाला? का ह्यो बी हात गेला?"

तशीच परत फिरले. घरी आले, ताट वाढलं, तर त्यांनी घास उचलला नाही. मला वाटलं रुसले. रुसा म्हटलं, मला तरी कोण आहे रुसायला! पुढचा दिवसही तसाच गेला.

त्याच्या पुढच्या दिवशी परत त्यांना बांधलं, परत पळाले, परत काही नाही. मी रडतच कुलूप उघडलं. ठरवलं होतं, रिसिव्हर उपटून विहिरीत फेकायचा. झाकण उघडलं, तेवढ्यात फोनमधून "दाबलं" आलं आणि पेटीत टक् झालं. मोटार घरघरली. मी झाकण लावून म्हटलं, "आता बंदचं दाबा." बंद होईना. उघडलं, परत दाबायला लावलं, झाली बंद.

अरे देवा! पेटी माझी, कुलूप माझं, हट्ट माझा, आणि बोल लावले त्या माणसाला.

केबलच्या भोकातून तार बाहेर ओढली, लांब बांबूला सरळ उभी बांधली, बांबू विहिरीच्या कठड्याला आवळला. झाकण लावलं. "दाबा." मोटार चालू. "बंद." बंद. "अवो, लागली रेंज!" मी किंचाळलेच. "पेटी आडवी येत हुती, पेटी!"

 पलीकडून अडखळत, एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "म्हंजी... माजा हात... चांगला हाय न्हवं?"

मी पेटीवर कपाळ टेकलं. दोन दिवस ते रुसले नव्हते, तो हातही गेला असं धरून बसले होते.