रिफंड नाही आला, नोटीस आली

ती पाटणची घटना आजही आठवते. आठवली की आधी हायसं वाटतं, मग हसू येतं. नव्वदच्या दशकात मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो.

कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. आयकराचा रिफंड कुठे अडकला हे विचारायला ते एसटीने साताऱ्याच्या कार्यालयात जाऊन आले होते. तिथल्या कारकुनाने सांगितलं, चेक रजिस्टर्ड टपालाने कधीच गेलाय, पोचपावतीही परत आलीय. पावतीवरची सही मात्र कोणाची ते कळेना.

"पोस्टमननंच हाणला सायेब," गृहस्थ छाती चोळत म्हणाले. त्यांना हृदयविकार होता, म्हणून मी आधी पाणी पाजलं.

संध्याकाळी खबर लागली, पोस्टमनने सायकल सोडून नवी मोपेड घेतलीय. त्याला ठाण्यात बोलावलं. नुकतंच लग्न झालेला तरणा गडी. मोपेड सासऱ्याने दिली होती, चौकशीत ते खरं निघालं. पाकिटाबद्दल तो एकच घोकत होता, "काकूंच्या हातात दिलंय सायेब. सही बी त्यांनीच केली." काकू म्हणजे तक्रारदाराची बायको, आणि ती तर रिफंड आलाच नाही म्हणत होती.

"नोकरी गेली तर गावात तोंड कसं दावू?" म्हणून तो रडला. ठाण्यात रडणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण हा काही खोटा वाटेना. अटक लांबवली आणि काकूंचा जबाब घ्यायला स्वतः गेलो.

"रिफंड आला होता का?"

"न्हाई सायेब. आला असता तर ह्यास्नी सांगितलं नसतं व्हय?"

बाई डोळ्याला डोळा भिडवून बोलत होती. मी उठता उठता सहज विचारलं, "बरं, पोस्टमननं अलीकडं काय आणून दिलं?"

तिने हातातली कपबशी खाली ठेवली.

"नोटीस," ती हळूच म्हणाली. "इनकमटॅक्सची. वरचा शिक्का बघूनच घरावर धाड पडणार म्हणून लय भ्याले. ह्यांच्या छातीत कळ येती, म्हणून दडवली."

औंधच्या यमाईच्या तसबिरीमागून तिने पाकीट काढलं. कुंकू लावलेलं, न फोडलेलं. ओटीवरून आत आलेल्या गृहस्थांनी फोडलं. आत चेक होता, मुदतही शिल्लक होती.

"आगं, ह्योच की रिफंड!"

"मग पैसं माघारी येणार हायती, असं सांगायचं! तुमी नुसतं रिफंड रिफंड करत बसला."

मी इतका मोठा सुस्कारा सोडला की सोबतचा हवालदार हसायला लागला. एका निरपराध पोराच्या हातात बेड्या घालायचं टळलं होतं. गृहस्थ तडक पोस्टात गेले आणि त्याचे हात धरून माफी मागितली.

त्या प्रकरणात खोटं कोणीच बोललं नव्हतं. तेव्हापासून जबाब घेताना मी आमचे सरकारी शब्द बाजूला ठेवले. हातात काय आलं, डोळ्यांनी काय पाहिलं, एवढंच आधी विचारायचं.

पुढच्या आठवड्यात तोच पोस्टमन मोपेडवरून ठाण्याचं टपाल घेऊन आला. माझ्या टेबलावर लिफाफा ठेवत म्हणाला, "सरकारी पाकीट हाय सायेब. भ्यायचं न्हाई, फोडून बघायचं."